जन्मठेपेच्या निकालपत्रावर लेखी मत देणारं पेठेतलं ऑफिस, आमचा अनुभव (पाचपैकी चार)

घरातल्या कुणाला सेशन्स कोर्टात ३०२ (खुनाचं कलम) लागलीये, जन्मठेप झालीये आणि आता हायकोर्टात जायचं तर नेमकं कुणाचं ऐकायचं हे कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. लांब झालंय. पण आम्ही शोधत होतो तेव्हा "व्हेरी सपोर्टिव्ह, बेस्ट क्रिमिनल लॉयर इन पुणे" असले दोन ओळींचे रिव्ह्यू ढीगभर वाचले आणि त्यातून काडीचा उपयोग झाला नाही, म्हणून सविस्तर.

नाव देत नाहीये. बार कौन्सिलच्या नियमांत ३६ नंबरचा नियम आहे, वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, थेटही नाही आणि आडूनही नाही, आणि या सरांनी पहिल्याच भेटीत दम दिला होता की कुठे माझं नाव टाकून स्टार वगैरे देत बसू नका. स्टार देतोय, नाव टाकत नाहीये, एवढं त्यांनी चालवून घ्यावं. शोधायचंच असेल तर शिवाजीनगर कोर्टात जुन्या क्रिमिनल प्रॅक्टिसवाल्या कुणालाही 'जजमेंट वाचून देणारे' असं विचारा, हात करून दाखवतील. ऑफिस नारायण पेठेत, जुन्या वाड्याचा उरलेला भाग आहे, दुसरा मजला, लाकडी जिना, लिफ्टचा प्रश्नच नाही. गाडी आणू नका. माझ्यासोबत मामी होती, तिचे गुडघे गेलेले, ती दर पायरीला थांबत वर आली आणि वर पोचल्यावर पहिली पाटी दिसली ती अशी, 'निकाल काय लागेल हे विचारू नये. आम्हांस ठाऊक असते तर आम्ही न्यायाधीश झालो असतो.' मामीला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

सर्व्हिस काय आहे ते आधी. हे सर कोर्टात उभे राहत नाहीत, वकीलपत्र घेत नाहीत. तुम्ही निकालपत्र, साक्षीदारांचे सरतपास-उलटतपास, सगळ्या निशाण्या (कोर्टात दाखल झालेले पुरावे), पंचनामे, आरोपीचा ३१३चा जबाब (पुराव्याबद्दल कोर्ट स्वतः आरोपीला विचारतं तो) आणि रोजनामा (कोर्टातल्या कामाची रोजची नोंद) असं सगळं आणून द्यायचं, ते वाचून लेखी मत देतात की शिक्षा कुठल्या पायावर उभी आहे, कुठला पाया भक्कम, कुठला पोकळ, अपिलात काय मांडायचं आणि मुख्य म्हणजे काय मांडायचं नाही. ते मत घेऊन तुम्ही तुमच्या हायकोर्टातल्या वकिलाकडे जायचं. आमच्याकडून पंधरा हजार घेतले आणि वर पानांप्रमाणे थोडे. पावती मिळते. हायकोर्टातल्या मोठ्या ऑफिसात नुसतं 'कॉन्फरन्स' म्हणून जे आकडे ऐकले होते त्यापुढे हे काहीच नाही.

आता आमची केस, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो. लग्न, एक मुलगा, मग भांडणं, मग फॅमिली कोर्ट. क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाचा अर्ज तिचा, त्यावर नवऱ्याचं लेखी म्हणणं की हीच वेडसर आहे, मग पोटगीचा १२५चा अर्ज, मग घरगुती हिंसाचाराची केस, मग छळाची ४९८अ, मग मुलाच्या ताब्यावरून वेगळं रामायण. भावोजी (आम्ही शेवटपर्यंत भावोजीच म्हणायचो, सवय जात नाही) मूळचे राक्षस वगैरे नव्हते, माझं बारावीचं गणित त्यांनीच घेतलं होतं, पण त्या काही वर्षांत दोघंही एकमेकांना ओळखू येईनासे झाले होते आणि दोन्हीकडचे वकील रोज नवीन काहीतरी टाइप करून आणत होते. ताईने एकदा रागात व्हॉट्सअ‍ॅपवर 'तू मेलास तर मी पेढे वाटीन' असं पाठवलं होतं. पाठवलं होतं, ते आम्ही कधी नाकारलं नाही.

घटस्फोट झाला. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी कामवाल्या मावशींना ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मेलेले सापडले, डोक्यात जड बोथट वस्तूने मारलेलं, दार फोडलेलं नाही, घरातलं काही गेलेलं नाही. पोलिस त्याच दिवशी ताईकडे आले. त्यांना दोष देत नाही, तपास माझ्याकडे असता तर मीही आधी तिच्याकडेच गेलो असतो. गुन्हा १ जुलै २०२४च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू झाले त्याच्या आधीचा, त्यामुळे सगळं जुन्या कायद्याने, भादंवि ३०२. पाहिलेलं कुणी नाही, सगळा परिस्थितीजन्य पुरावा. सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली आणि ताई आता येरवड्याच्या महिला कारागृहात पक्की कैदी आहे.

या सरांकडे जायच्या आधी आम्ही बाणेरला एका काचेच्या ऑफिसात गेलो होतो. कॉफी चांगली होती. तिथल्या साहेबांनी निकालपत्राचं शेवटचं पान बघितलं, फक्त शेवटचं, आणि म्हणाले, शंभर टक्के सुटेल, जजला कळलंच नाहीये. मामी रडायलाच लागली, आनंदाने. मला मात्र तिथेच कसंतरी झालं, कारण ज्या माणसाने पाच मिनिटांत १८० पानी निकाल चूक ठरवला तो उद्या मुंबईला उभा राहून काय वाचणार? त्यांच्या ॲडव्हान्सचा आकडा लिहीत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

इकडे पेठेत उलटं. सरांनी पहिला प्रश्न केला तो तारखेचा. शिक्षा कधी झाली, अपील दाखल केलंय का? सेशन्सच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला ६० दिवस असतात. माझं मत घेत बसाल आणि मुदत घालवाल, मग उशीर माफ करून घ्या म्हणून वेगळा अर्ज, आधी अपील टाका मग या, असं म्हणून आम्हाला जवळपास हाकललंच. आमचं अपील टाकून झालं होतं म्हणून बसू दिलं. निकालपत्राच्या नकलेसाठी पैसे भरले का, असंही विचारलं, कारण शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असं जुन्या क्रिमिनल प्रोसीजर कोडच्या ३६३ मध्येच आहे. आम्ही भरले होते, एका भल्या माणसाने आणून देतो म्हणून घेतले होते. सर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती आम्ही आणलीच नव्हती, फॅमिली कोर्टाची पूर्ण फाइल, दोन्ही बाजूंची. मी म्हटलं सर ती केस तर संपली. ते म्हणाले, अहो ती संपली असती तर तुम्ही इथे नसता.

ती फाइल का हवी होती ते मत हातात आल्यावर कळलं, आणि माझ्या मते या सर्व्हिसचे पैसे इथेच वसूल होतात. त्यांनी १८० पानी निकालपत्राला रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, घटस्फोटाबद्दलची पानं पिवळी, खुनाच्या रात्रीबद्दलची हिरवी. पिवळी जास्त होती. म्हणजे बाई कशी रागीट, पोटगीसाठी कशी मागे लागलेली, मुलाला बापाला भेटू देत नव्हती, पेढ्यांचा मेसेज, नवऱ्याने तक्रारीत काय काय लिहिलेलं, पानंच्या पानं. हे सगळं 'हेतू' या मथळ्याखाली. त्या रात्री ती तिथे होती का, याबद्दलची हिरवी पानं त्यामानाने फारच थोडी.

सरांनी लिहिलंय (माझ्या भाषेत सांगतो) की फॅमिली कोर्टाला कायद्याच्या कलम १४ने मुभा आहे, वाद सोडवायला उपयोगी पडेल असं वाटलं तर एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदसुद्धा ते कोर्ट बघू शकतं, आणि नवराबायकोच्या भांडणात ते बरोबरही आहे, तिथे कुणाला फाशी-जन्मठेप द्यायची नसते. पण तिथे ढिल्या मापाने आत आलेले कागद इथे खुनाच्या खटल्यात साक्षीदारांच्या तोंडून परत आले आणि त्यांना वजन मिळालं ते घट्ट मापाचं. शिवाय दुष्मनी हे दुधारी शस्त्र आहे हे वरच्या कोर्टांनी कितीदा तरी म्हटलंय. वैर होतं म्हणून मारलं असेल, तसंच वैर होतं म्हणून पहिलं बोट हिच्याकडेच गेलं असंही असेल. हेतूने एखाद्या कडीला जोर येतो, पण कडीच नसेल तर हेतू तिची जागा घेत नाही.

मग कड्या. सोसायटीच्या वॉचमनने ताईला संध्याकाळी सातच्या सुमारास गेटवर पाहिलं. पोस्टमॉर्टेमप्रमाणे मृत्यू रात्री अकरा ते तीनच्या मधला. 'शेवटचं एकत्र पाहिलं' हा मुद्दा तेव्हाच चालतो जेव्हा पाहिल्याची वेळ आणि मृत्यूची वेळ इतक्या जवळ असतात की मधे तिसरं कुणी आलं असेल असं म्हणायला जागाच राहत नाही, आणि इथे मधे निदान चार तास आहेत, शिवाय वॉचमनने तिला 'त्यांच्यासोबत' पाहिलेलंच नाही, गेटवर पाहिलंय. मोबाइलचा टॉवर. टॉवर सांगतो फोन कुठल्या पट्ट्यात होता, माणूस कुठल्या मजल्यावर होता ते नाही, आणि ताई जिथे क्लास घेते ती पौड रोडची जागा आणि तो फ्लॅट एकाच टॉवरखाली येतात, हे मोबाइल कंपनीच्या साक्षीदाराने उलटतपासात कबूल केलंय पण निकालपत्रात ते वाक्यच नाही! ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती, ना आधीच्या वकिलांच्या. सरांच्या ज्युनिअर मॅडमनी शोधून काढली. त्यांच्यासाठी वेगळा अर्धा स्टार द्यायला हवा.

सीसीटीव्ही. रात्री स्कूटरवरून एक बाई आत जाते, तोंडाला स्कार्फ. सरकार पक्षाचं म्हणणं तीच ही. सरांनी मतात चक्क लिहिलंय की पुणे शहरात स्कार्फ बांधून स्कूटर चालवणारी बाई ही ओळख होऊ शकत नाही. नंबर प्लेट दिसत नाही. आणि फुटेज डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर काढून दिलेलं, त्यासोबत ६५बचं सर्टिफिकेट (डिजिटल नक्कल खरी असल्याचा दाखला) नाही. अर्जुन पंडितराव खोतकरच्या केसमध्ये, आपल्या जालन्याची निवडणुकीची केस ती, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर हे सर्टिफिकेट लागतंच. मी हे ऐकून खूश झालो, म्हटलं फुटेज उडालं. सर म्हणाले थांबा, ते निशाणी म्हणून दाखल होत होतं तेव्हा तुमच्या वकिलांनी हरकत घेतली होती का, रोजनामा दाखवा. घेतली नव्हती. मग हा मुद्दा हायकोर्टात पहिल्यांदा काढला तर 'तेव्हा गप्प का बसलात' हे ऐकावं लागणार, सुप्रीम कोर्टाचाच २०१७चा तसा निकाल आहे. त्यांनी तो मुद्दा मतात ठेवलाय पण तिसऱ्या नंबरवर, आणि शेजारी लिहिलंय 'यावर विसंबू नये'.

ओढणी. ताईने काढून दिली म्हणून कलम २७चा (आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याचा) पंचनामा. दोन पंच, त्यातला एक फितूर, दुसरा असा की ज्याने त्याच पोलिस ठाण्याच्या आणखीही पंचनाम्यांवर सह्या केल्यात असं त्यानेच सांगितलं. ओढणीवर रक्त, गट बी. भावोजींचा बी आणि ताईचाही बी. डीएनएचा रिपोर्ट अनिर्णित. मला वाटलं ही कडी तुटलीच, सरांनी 'कच्ची' एवढंच लिहिलंय, 'तुटली' नाही. हा माणूस शब्द फार जपून वापरतो. सुरवातीला राग येतो याचा.

आणि मग वाईट बातमी. वॉचमनच्या उलटतपासात आमच्याच वकिलांनी त्याला सुचवलं होतं की 'ती मुलाची बॅग गेटवर देऊन लगेच निघून गेली', म्हणजे ती आली होती हे आपल्याच तोंडाने. आणि पुढे ३१३च्या जबाबात ताई म्हणाली मी त्या दिवशी तिकडे गेलेच नव्हते. बचावाच्या वकिलाने उलटतपासात केलेली सूचना आरोपीवर उलटू शकते, बाळू सुदाम खळदेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे म्हटलंय. सरांनी हे पान मामीसमोर वाचून दाखवलं, वळसे न घेता. मामी म्हणाली, अहो पण ती घाबरली होती. सर म्हणाले, असेल, पण ते कागदावर नाहीये.

मला त्या वेळी हा माणूस आवडला नव्हता. घरी येताना रिक्षात मी मामीला म्हटलंही की आपण आपल्या बाजूचा वकील बघायला हवा होता. आता विचार करतो तेव्हा वाटतं, बाणेरच्या साहेबांनी हे पान मुंबईच्या बेंचसमोर पहिल्यांदा पाहिलं असतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, रिव्ह्यूच्या बाहेरची वाटली तरी. सरांच्या मताचा कणा आहे तो 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १७ जुलै १९८४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. परिस्थितीजन्य पुराव्याची देशातली कुठलीही केस काढा, त्यात हा असतोच, आणि केस आपल्या पुण्याची आहे हे मला माहीतच नव्हतं. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा पुण्यात सासरी मरण पावल्या, लग्नाला चार महिने, पोटात सायनाइड. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने त्याला सोडला. त्याच निकालात ते 'पंचशील' आहे, म्हणजे ज्या गोष्टींवरून अनुमान काढायचं त्या आधी स्वतः पूर्ण सिद्ध हव्यात, त्या फक्त गुन्ह्याशीच जुळायला हव्यात, निर्णायक हव्यात, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये आणि साखळी इतकी पुरी हवी की आरोपीशिवाय दुसऱ्या कुणी केलं असेल असं म्हणायला वाजवी कारण शिल्लक राहू नये. त्यातच हेही आहे की आरोपीने खोटं सांगितलं म्हणून साखळीतली गाळलेली कडी भरून निघत नाही, साखळी आधी पुरी असेल तरच त्या खोट्याचा जास्तीचा आधार घेता येतो. आमच्या ३१३च्या घोळावर सरांनी उत्तर म्हणून हेच ठेवलंय. आणि जी गोष्ट ३१३ मध्ये आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, हेही तिथलंच. ताईला टॉवरबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही, जबाब काढून बघितला, खरंच नाही.

सर हे समजावत होते आणि मामी एकदम म्हणाली, मंजुश्री म्हणजे ती मंजुश्री का? १९८२ मध्ये मामी कॉलेजात होती. नारी समता मंचाने, विद्या बाळ वगैरे मंडळींनी, 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं ते तिने मैत्रिणींसोबत पाहिलेलं, आणि नवरा सुटला तेव्हा तिच्या म्हणण्याप्रमाणे ती दोन दिवस जेवली नव्हती. ती म्हणाली, म्हणजे त्या माणसाला ज्याने सोडलं त्यानेच माझी मुलगी सुटणार का? सरांनी उत्तर दिलं नाही. ते स्वतः तेव्हा नुकतीच सनद घेतलेले ज्युनिअर होते, कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये या निकालावरून भांडणं व्हायची म्हणाले, आणि मग मामीसाठी चहा सांगितला. मामी अजून त्या निकालाला चूकच म्हणते. परवा म्हणाली, चूक तर चूक, पण आपल्या अर्जात आहे ना तो नीट?

भावोजींच्या आईबद्दलही लिहितो कारण सरांनीच तो विषय काढला. त्या म्हातारीला शंभर टक्के खात्री आहे की सुनेने मारलं आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही असती, तिने ती सगळी पिवळी पानं जगलेली आहेत. मुलगा सध्या त्यांच्याकडेच आहे. सरांनी मतात एक ओळ अशी टाकलीये की अपिलात मयताच्या चारित्र्यावर काहीही लिहू नये, फॅमिली कोर्टात लिहिलेलं परत उगाळू नये. आमच्या एका काकांना हे अजिबात पटलं नाही, त्यांचं म्हणणं भावोजी कसे मारायचे ते हायकोर्टाला कळायलाच हवं. पण ते जितकं जास्त लिहू तितका ताईचा हेतू पक्का होत जातो, एवढं साधं गणित काकांना कळेना. माझं मत सरांच्या बाजूने.

आता तक्रारी, एक स्टार कशाचा कापला त्या.

वेळ. सांगितलेल्या तारखेला मत मिळालं नाही, त्याच्या पुढच्याही तारखेला नाही. फोन केला की मॅडम म्हणायच्या, सर अजून पंचनाम्यावर आहेत. ताई आत, आम्ही बाहेर आणि सर पंचनाम्यावर. चांगलं वाचायला वेळ लागतो हे मान्य, पण मग तारीख तरी खरी द्या. सॉफ्ट कॉपी देत नाहीत. टाइप केलेलं मत, त्यावर समासात सरांच्या हाताने लिहिलेल्या दुरुस्त्या, अक्षर असं की मुंबईच्या वकिलांनी दोन जागी आम्हालाच फोन करून विचारलं. पैसे ऑनलाइन चालतात पण क्यूआर कोड मॅडमच्या फोनवर, त्या कोर्टात गेल्या असतील तर बसून राहा. आणि बोलणं. रडणाऱ्या माणसासमोर हे सर जे बोलतात ते बरोबर असतं पण दोन मिनिटं थांबून बोलले तर काही बिघडणार नाही. घरातलं कुणी फार खचलेलं असेल तर त्यांना पहिल्या भेटीला नेऊ नका, आधी एकटे जा.

ताई निर्दोष आहे का, यावर ते एक शब्द बोलत नाहीत. मामीने पाटी वाचूनही तीनतीनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, मावशी, मी तुमच्या मुलीला ओळखत नाही, मी फक्त कागद ओळखतो, आणि या कागदांवर जन्मठेप पेलत नाही असं माझं मत आहे, हायकोर्टाला तसंच वाटेल याची मी हमी देत नाही. लेखी मतातही शेवटी हेच आहे, जरा वकिली भाषेत. दिलासा हवा असेल तर दुसरीकडे जा, तो इथे मिळत नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. कागद लावून न्या, साक्षीदारांच्या नंबराप्रमाणे आणि निशाण्यांच्या नंबराप्रमाणे, सुटे कागद ते घेत नाहीत. रोजनाम्याची नक्कल आठवणीने काढा, आम्ही विसरलो असतो तर हरकतीचा मुद्दा कळलाच नसता. नवराबायकोच्या भांडणातून निघालेली केस असेल तर फॅमिली कोर्टाची फाइल पहिल्याच दिवशी. आणि पुण्याचं अपील मुंबईलाच जातं. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी, आपण त्यात नाही, आमच्या एका नातेवाइकाने कोल्हापूरचे वकील ठरवायचा घाट घातला होता म्हणून सांगतोय. नकलांसाठी शिवाजीनगर कोर्टात मेट्रोने गेलात तर जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, ते जमिनीच्या इतकं खाली आहे की वर यायलाच वेळ जातो, तेवढा धरून निघा.

आमचं पुढचं असं की अपील दाखल करून घेतलंय, शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज मुंबईच्या वकिलांनी सरांच्या मतावरूनच लिहिलाय, टॉवरचा मुद्दा पहिला, वेळेतलं अंतर दुसरं. मूळ अपिलाची अंतिम सुनावणी कधी ते कुणी सांगत नाही, पेपरबुक (हायकोर्टासाठी केसच्या सगळ्या कागदांची बांधलेली प्रत) अजून व्हायचंय. पेपरबुक आलं की सर ते पुन्हा एकदा वाचून देतात, मुंबईच्या वकिलांसाठी टिपण करून, त्याची फी वेगळी, आधीच सांगून ठेवलीये. ते झालं की खाली लिहीन, तारीख पाळली का ते पण.